सहा तुकड्यांचा गेटपास

मिस्त्री शर्टाच्या खिशात हात घालायचे, बोटाएवढं चुंबक बाहेर काढायचे, समोरच्या वस्तूला टेकवायचे आणि म्हणायचे, "तापल्यावर बगू."

वस्तू कुठलीही असो. नळाची तोटी, दुधाची किटली, कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं ताट. चुंबक चिकटलं तरी ते मान हलवायचे आणि नाही चिकटलं तरी हलवायचे. "चिकटलं म्हून भुलू नगा, न्हाई चिकटलं म्हून बी भुलू नगा," हे वर. मग ते लावायचंच कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे बरेच दिवस मी त्यांना काही विचारलं नाही.

माणसांनाही त्यांचा हाच न्याय होता. त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आमच्या दूध केंद्रावरच्या वॉचमनने विचारलं, "मिस्त्री, जावई कसा हाय?"

"दिसायला चकचकीत हाय. तापल्यावर बगू."

आणि दूध संघाच्या निवडणुकीला जुनाच उमेदवार पुन्हा उभा राहिला तेव्हा म्हणाले, "ह्यो तीनदा तापून झालाय. वाकतो."

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. कशावरच विश्वास न ठेवणारी. आपण त्यांना हसतो आणि काही महत्त्वाचं विकत घ्यायचं झालं की गुपचूप त्यांनाच बोलावतो.

मी तेव्हा गेवराई तालुक्यात एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर दूध तपासायच्या कामावर होते. तलवाड्याच्या आणि चकलांब्याच्या बाजूचं दूध आमच्याकडे यायचं. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. जनावरं छावणीत बांधलेली, दूध निम्म्यावर आलेलं, केंद्रातल्या नळ्यांच्या दोन लायनींपैकी एक बंद करून ठेवलेली. माणसांची एकमेकांकडे बघायची रीतही त्या दोन वर्षांत बदलली. टँकर गावात शिरला की बायका आधी त्याच्या चाकांकडे बघायच्या. टायर ओले असले तर वाटेत कुणाच्या तरी शेततळ्यात पाणी ओतून आला, असं त्यांचं गणित. गवळी माझ्या लॅक्टोमीटरकडे असे बघायचे, जणू काचेची ती नळी मला फितूर झालीय.

"ताई, हे तुमचं मशीनच पाणी पितंय बगा," असं एक म्हातारे रोज म्हणायचे. मी काही उत्तर द्यायचे नाही. मला बोलायला जमत नसे. सगळी शाळा इंग्रजीतली, वसतिगृहात राहून झालेली. माणसांच्या घोळक्यात मी वहीत डोकं घालून आकडे लिहायचे. आणि मनातल्या मनात प्रत्येक किटलीवर संशय घ्यायचे, कारण तेच माझं काम होतं.

मिस्त्री मूळचे नांदूरघाटचे. एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडायला होते. ऊस संपला, कारखान्याचं धुराडं थंड झालं, आणि ते इकडे आले. महामार्गाच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. 'येथे अर्गन वेल्डिंग करून मिळेल' अशी पाटी, आणि तिच्याखाली खडूने लिहिलेलं: 'घाई असेल तर दुसरीकडे जा.' आमच्या केंद्रातल्या स्टीलच्या दुधाच्या लायनी कुठे गळायला लागल्या की त्यांना बोलावणं जायचं. दुधाच्या नळीचा जोड आतून आरशासारखा लागतो. जरा खरबरीत राहिला की तिथे दूध नासतं. तसा जोड करणारा माणूस चार तालुक्यांत एकच होता, आणि तोच एक असल्यामुळे त्याच्याबद्दल लोक काहीबाही बोलायचे. बंद कारखान्यातून रात्रीतून नळ्या उचलून आणतो, हे तर मी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं.

आता माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं. ते मी सहसा कुणाला सांगत नाही.

माझे मामा तरुणपणी मातीवरच्या शर्यतींत गाडी पळवायचे. पाठ गेली तेव्हा त्यांनी ती जुनी लाल गाडी मला दिली. घरी सगळे समजत होते की मी ती ऑफिसला जायला वापरते. वापरत होतेच. पण रविवारी सकाळी कोरड्या पडलेल्या पाझर तलावाच्या पोटात, भेगाळलेल्या गाळावर, मी ती आडवी करून वळवायला शिकत होते. तिथे कुणी नसायचं. गाडीत बसलं की मला कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला फार आवडायचं. मामांनी नगरकडच्या एका शर्यतीत, मुलींच्या गटात, माझं नाव घातलं होतं. आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी स्वतःहून मागितलं होतं.

आणि हेडर तडकला.

हेडर म्हणजे इंजिनच्या चार तोंडांतून निघणारा जळका धूर बाहेर आणून एका नळीत मिळवणाऱ्या चार नळ्या. कंपनीच्या बिडाच्या जड तुकड्याऐवजी तो बसवला की इंजिन मोकळा श्वास घेतं. मी ऑनलाइन मागवलेला सुंदर दिसत होता. दोन महिन्यांत चार नळ्या जिथे एकत्र येतात तिथे त्याला केसाएवढी चीर गेली, मग बोटाएवढी, आणि एका रविवारी तिच्यातून आलेल्या आचेने शेजारच्या वायरींचं आवरण वितळलं. तलावात मी एकटी होते. धुमसणाऱ्या वायरी माती टाकून विझवल्या आणि कुणालाही न सांगता गाडी घेऊन मिस्त्रींच्या शेडसमोर उभी राहिले.

त्यांनी हेडर खोलून हातात घेतला. चुंबक लावलं. चिकटलं नाही.

"तीनशे चार नंबरचं स्टील आहे," मी म्हणाले. "त्याच्यावर लिहिलंय."

"लिवायला काय जातंय."

त्यांनी फळीवरून एक छोटी बाटली आणि चौकोनी बॅटरी आणली. नळीवर एक थेंब टाकला, बॅटरीच्या तारा टेकवल्या. थेंब लाल झाला.

"दोनशे नंबरचा हलका माल. निकेल वाचवलं आन् म्यांगनीज घातलं. चुंबकाला गंडवतं हे, पण आगीला गंडवत न्हाई. आमच्या कारखान्यात असला माल लई आलता."

मी मनात म्हटलं, बाटली यांची, बॅटरी यांची, थेंब यांचा. लाल व्हायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या प्रयोगशाळेतला स्टीलचा चमचा घेऊन गेले. त्याची प्रत मला पक्की माहीत होती. तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि थेंब टाकला. तो लाल झाला नाही.

"ह्याला म्हंत्यात गिऱ्हाईक," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात स्टीलचे होते. त्यांना चुंबक लावून झालं असणार याबद्दल मला शंका नाही.

मी परदेशी फोरमवरून उतरवलेली चार पानं त्यांच्यासाठी नेली होती. टिकाऊ हेडर कसा निवडावा, यावर. "वाचा," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मी इंग्रजी वाचायचे, मग अडखळत मराठीत सांगायचे. मध्येच त्यांचा हात वर व्हायचा.

"थांबा. नळी किती जाड म्हंत्यात?"

"दीड ते दोन मिलिमीटर. पातळ असेल तर हलकी, पण लवकर तडकते."

"ह्यो माणूस खरा दिसतोय. म्होरं."

पुढे एका जागी लिहिलं होतं की चारही नळ्या एकत्र येतात तिथे वेल्डिंग न करता एकात एक सरकत्या बसवाव्यात आणि स्प्रिंगने धराव्यात. मिस्त्रींनी डोळे उघडले. "कुठला हाय ह्यो?"

"अमेरिकेचा असावा."

"त्यानं बॉयलर बघितलाय," ते म्हणाले. "तापलं की लोखंड वाढतंय. वाढायला जागा न्हाई दिली की ते आपली आपण करून घेतंय. तीच तुमची चीर." मग त्यांनी जमिनीवर खडूने चार नळ्या काढल्या. इंजिनला लागणारी पट्टी दहा मिलिमीटर जाड, म्हणजे वाकडी होणार नाही. मागच्या सायलेन्सरचं वजन हेडरवर लटकू द्यायचं नाही. त्याला वेगळा टेकू आणि मध्ये लवचीक नळी. आणि जोड करताना नळीच्या आतही अर्गन वायू भरायचा, "न्हाईतर आतून साखर धरती." जोडाच्या आत हवेने जळून जो खरबरीत दाणेदार थर येतो, त्याला ते साखर म्हणायचे. साखर कारखाना बंद पडून इकडे आलेला माणूस तो शब्द रागानेच उच्चारायचा.

"तुमाला जितायचंय का टिकायचंय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"मंग गाडी ठिवून जावा. तीन आठवडे."

तीन आठवडे! मामांच्या ओळखीचे मेकॅनिक चांगल्या इंजिनातले भाग काढून जुने घालतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. घरी जायच्या आधी मी पर्समधली नेलपॉलिश काढली आणि मिस्त्री पाणी प्यायला गेलेले पाहून इंजिनच्या अकरा नटांवर एकेक गुलाबी ठिपका दिला.

चार दिवसांनी गेले तर ते म्हणाले, "ताई, नखाची लाली नटाला लावत्यात का तुमच्याकडं?"

माझे कान तापले.

"आकराच लावल्यात. बारावा राहिला, खालचा. मी सांगतो, लावा." आणि त्यांनी खरंच बॅटरी धरून खालचा नट दाखवला. मी वाकून, लाजेने अर्धमेली होऊन, त्याला ठिपका दिला. त्या दिवसापासून खोललेला प्रत्येक नट ते एका थाळीत ठिपके वर करून मांडून ठेवायचे.

तुम्हाला वाटेल की यानंतर माझा संशय गेला असेल. नाही गेला. संशयाला पुरावा लागत नाही, सवय लागते, आणि त्या वर्षी आम्हा सगळ्यांना ती लागली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले तेव्हा मिस्त्री बाहेर रस्त्यावर कुणाशी बोलत होते. बाकावर माझ्या हेडरसाठी कापायला घेतलेल्या नळ्या होत्या. गुळगुळीत, चकाकत्या, दीड इंची. एका तुकड्याच्या टोकाला ठोकलेला शिक्का होता: आमच्या संघाचं चिन्ह आणि आकडा. आमच्या केंद्रातल्या प्रत्येक दुधाच्या नळीवर तो असतो.

मी तशीच परत आले.

त्याच आठवड्यात आमचे जुने स्टोअरकीपर निवृत्त झाले आणि नवीन आले. नव्यांनी बंद लायनीचं सामान मोजायला घेतलं. सहा तुकडे कमी. अध्यक्ष केंद्रावर आले, सगळ्यांना उभं केलं.

"सहा नळ्या कुठं गेल्या? पाय फुटले? इकडं दूध न्हाई आन् तुमी लायनी विकाय लागले का बे?"

 ड्रायव्हर वॉचमनकडे बघत होता, वॉचमन फिटरकडे. मी खाली बघत होते, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: त्या नळ्या माझ्या गाडीखाली लागणार आहेत. उद्या कुणी खाली वाकून शिक्का पाहिला, तर चोर कोण? मी रुजू होऊन सहाच महिने झालेले. सगळे पांगल्यावर मी अध्यक्षांच्या खोलीत गेले आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की शिक्क्याची नळी मी मिस्त्रींच्या शेडमध्ये पाहिली.

"बरं झालं बोललीस बाई," ते म्हणाले. "मला वाटलं तुला आवाजच न्हाई."

त्या दिवसापासून मिस्त्रींना गेटवर अडवलं. वॉचमनने मला नंतर सांगितलं, ते अर्गनचा सिलेंडर मोटारसायकलला बांधून आले होते. वॉचमन म्हणाला, मिस्त्री, आत सोडायचं न्हाई असा हुकूम हाय. त्यांनी विचारलं, "कावून?" वॉचमन म्हणाला, सहा नळ्या. मिस्त्रींनी मान हलवली, गाडी वळवली आणि गेले. दोन दिवसांत बातमी तालुकाभर झाली. ज्या दुसऱ्या डेअरीचं काम त्यांच्याकडे होतं, तिथूनही निरोप आला की सध्या येऊ नका. दुष्काळात स्टीलचं काम फक्त डेअऱ्यांचंच उरलं होतं. म्हणजे माझ्या त्या एका वाक्याने त्यांच्या हातातलं सगळं काम गेलं.

माझी गाडी तिथेच होती. मी पाच दिवस गेले नाही. सहाव्या दिवशी सकाळी गेले, कारण शर्यतीला बारा दिवस उरले होते. हे कारण लिहिताना मला आजही बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

गाडी तयार होती. शेडमध्ये दुसरं कुठलंच काम नव्हतं.

"बसा. चालू करा," मिस्त्री म्हणाले.

मी इंजिन सुरू केलं. त्यांनी बॉनेटखाली वाकून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका जोडाला लावलं आणि मूठ कानाला. दहा मिनिटं तसेच. नळ्या तापल्या, आधी गव्हाळ झाल्या, मग सोनेरी, तोंडाजवळ निळसर. चारी नळ्यांचे वळसे एकमेकांना न शिवता खाली उतरत होते आणि प्रत्येक जोडावर एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारखी नक्षी होती. इतकी देखणी गोष्ट गाडीच्या पोटात, कुणालाही न दिसणाऱ्या जागी बसणार होती.

इंजिन बंद केल्यावर ते म्हणाले, "शिक्का घासून काडला न्हाई. वरच्या बाजूला ठिवलाय. दिसू द्या."

 मी विचारलं, "काका, या नळ्या कुठून आल्या?" त्यांना काका म्हणायची ती माझी पहिली वेळ.

"हे तुमी त्या दिवशी इचारायचं होतं. नळ्या बाकावर व्हत्या तवा शेडमदी तुमी एकल्याच आलत्या."

त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात घडी घातलेले कागद. त्यातला एक काढून माझ्या हातात दिला. आमच्या केंद्राचा गेटपास होता. जुन्या स्टोअरकीपरांचं धावतं अक्षर, सगळी अक्षरं एकमेकांच्या गळ्यात हात घालून पळणारी. खाली, माझी सही.

"वाचा," मिस्त्री म्हणाले.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. व्यवस्थापक दौऱ्यावर असले की गेटपासवर सही करायचं काम माझ्याकडे होतं. छापलेलं मराठी मी वाचते. पण हाताने भरभर लिहिलेलं मला तेव्हा लागत नसे. एका ओळीला दोन मिनिटं जायची. जुने स्टोअरकीपर कागद पुढे धरून उभे राहायचे, मागे ड्रायव्हर खोळंबलेला असायचा, आणि मला वाचता येत नाही हे त्यांना कळेल या लाजेने मी नुसती नजर फिरवून सही करून टाकायचे. सहा महिने मी असंच केलं होतं. दुसऱ्याच्या किटलीतलं पाणी पकडणारी मी, स्वतःच्या सहीवरची ओळ वाचत नव्हते.

मी वाचायला लागले. एकेक अक्षर सोडवत. "बंद... लायनीच्या... दुरुस्तीतून... निघालेले..." मिस्त्री आधी दुसरीकडे बघत होते. मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. त्यांना सगळं कळलं.

"...कापलेले तुकडे, सहा नग, रिवाजाप्रमाणे वेल्डर यांस दिले."

डेअऱ्यांमध्ये आणि कारखान्यांमध्ये ही जुनी रीत आहे. दुरुस्तीत जो तुकडा कापून निघतो तो वेल्डरचा. जुन्या स्टोअरकीपरांना ती माहीत होती, त्यांनी पास लिहिला आणि यादीतून आकडा कमी करायचा तेवढा राहून गेला. नव्यांना रीत माहीत नव्हती. आणि पासवर सही करणारीने पास वाचला नव्हता.

"हा तुम्ही गेटवर का नाही दाखवला?" मी विचारलं. 

"दावला असता तर सही कुणाची, हे निघालं असतं. तुमी सही केली आन् तुमीच चोरी सांगितली. लोकं म्हनले असते, ही पोरगी काय खेळ करतीय. तुमी नव्या. मला काय, मी कारखाना बघितलेला माणूस हाय." मग म्हणाले, "आन् मला वाटलं, तुमी मुद्दाम केलं आसंल. ते काय म्हून, ते कळंना. आता कळलं. वाचताच येत न्हाई म्हणा की तुमाला."

मी रडले नाही. मला लोकांसमोर रडता येत नाही. कागद मागितला. त्यांनी दिला नाही. "ह्यो माझ्यापशी ऱ्हाईल. तुमच्या ऑफिसात दुसरी प्रत आसंल, ती काडा."

मी काढली. पास-बुकातली कार्बनची निळी प्रत, माझ्याच टेबलाच्या खणात होती. ती घेऊन मी संघाच्या मुख्य कार्यालयात गेले. संचालकांची बैठक होती, नऊ माणसं आणि चहा. दारात उभी राहून मी पूर्ण पास मोठ्याने वाचून दाखवला. रात्रभर सराव केला होता तरी दोनदा अडखळले. मग म्हणाले की सही माझी आहे, मी न वाचता केली, मला हाताने लिहिलेलं मराठी वाचायला वेळ लागतो, आणि मिस्त्रींना चोर मी ठरवलं.

एक संचालक हसायला लागले. "बगा! मराठी माणसाची पोरगी, आन् मराठी येत न्हाई! घाला आजून इंग्लिश मिडियमला!" सगळे हसले. अध्यक्षांनी हसत हसतच व्यवस्थापकांना सांगितलं, "उद्या मिस्त्रीला सन्मानानं बोलवा." आणि मला म्हणाले, "बाराखडीचं पुस्तक पाठवू का गं?"

ते हसणं मला पुढे कित्येक महिने ऐकू येत राहिलं. किटली घेऊन येणारे म्हातारेही म्हणायचे, "ताई, पावतीवर काय लिवलंय, वाचता का मी वाचू?" पण त्या दिवशी बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं होतं.

शर्यतीत मी सातवी आले. नऊजणींत. हेडरला काही झालं नाही. आजही झालेलं नाही. दोन हंगाम, एक अपघात आणि कितीतरी खड्डे पाहून झाले.

मिस्त्री केंद्रावर परत आले, पण एक नवी गोष्ट सुरू झाली. काम संपवून निघताना ते सरळ माझ्या टेबलाशी यायचे, कॅनव्हासची पिशवी टेबलावर उपडी करायचे आणि म्हणायचे, "बगून घ्या ताई."

पक्कड, तारेचे ब्रश, काचेचे गॉगल, अर्धी भाकरी बांधलेलं फडकं. माझी मान वर होईना. "काका, काही गरज नाही," मी म्हणायचे.

"हाय. लिवून घ्या. काय काय हाय ते. मराठीत. आन् मंग सही."

पहिल्या वेळी मी न बघता सही करायला गेले तर त्यांनी पेनावर हात ठेवला. "न्हाई. वाचून." मग मी एकेक वस्तू बघून वहीत लिहायचे, ते उभे राहून वाट बघायचे, आणि लिहून झालं की मोठ्याने वाचायला लावायचे. मागे ड्रायव्हर खोळंबलेला, गवळी उभे, सगळे बघतायत. दर आठवड्याला हे चाललं. सात-आठ महिने. माझं अक्षर धावायला लागलं. जुन्या स्टोअरकीपरांचं जुनं बाड काढून मी सहज वाचू लागले.

ती शिक्षा होती की शिकवणी, हे मला कधी ठरवता आलं नाही. त्यांनी मला माफ केलं होतं का, याबद्दलही मला आजही खात्री नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि ते आपण होऊन सांगणाऱ्यांतले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात दूध इतकं घटलं की संघाने केंद्र बंद करायचं ठरवलं. लायनींच्या तोंडांना टोप्या लावायला मिस्त्री शेवटचे आले. सांगली बाजूला एका मोठ्या डेअरीत त्यांना कायमचं काम मिळालं होतं. शेडवरची पाटी त्यांनी आदल्या दिवशीच उतरवली होती. संध्याकाळी पिशवी घेऊन टेबलाशी आले आणि नेहमीसारखी उपडी केली.

मी यादी लिहिली. पक्कड एक. ब्रश तीन. गॉगल. डबा. मग त्याच ओघात, पेन न उचलता, खाली लिहिलं: 'वरील सर्व सामान मिस्त्रींचे स्वतःचे आहे. आधी जे बोलले गेले ती चूक माझी होती.' सही केली आणि वही त्यांच्याकडे फिरवली. या वेळी मोठ्याने वाचलं नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला, लावला, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे सामानात येत न्हाई, ताई."

"नाही येत," मी म्हणाले. "खोडू का?"

 बाहेर वॉचमन गेटची साखळी घेऊन उभा होता. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, वहीवर वाकले, ती ओळ पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्याखाली स्वतःची सही केली.